जुना मेल काढला आणि ४०० नंबर गेले: उदगीरकडच्या एका गुरुजींना उत्तर

गुरुजी, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुमचा एका कंपनीचा जुना मेल आहे, शाळेत पहिला संगणक आला त्या काळात काढलेला. पुण्यातला मुलगा दिवाळीला आला, त्यानं नवीन जीमेल काढून फोनमध्ये घालून दिला आणि 'आता हाच वापरा' म्हणून गेला. एका फोनात दोन-दोन कशाला, म्हणून तुम्ही सेटिंग्जमध्ये जाऊन 'जुना' काढून टाकला. त्याच मिनिटाला फोनमधले ४०० नंबर गेले. जुना मेल परत घालायला गेलात तर पासवर्ड चुकीचा दाखवतो. नव्यावर मेल वेळेवर येईना गेलेत. मुलगा फोनवर 'सिंक ऑन करा, बाबा' एवढंच सांगतो. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, फोन पूर्ण कोरा करून पहिल्यापासून सुरू करू का?

नका करू. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण फोन रीसेट करू नका. का, ते पुढं येईलच.

लातुरात औसा रोडला माझं संगणक आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. यंदा एकोणीस वर्षं झाली. स्क्रीन फुटली, चार्जिंग होईना, ही कामं तासात होतात. 'मेल बदलायचाय' म्हणून गिऱ्हाईक आलं की मी पोराला चहा सांगतो, कारण आता बैठक लांबणार.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट जुळत नाही, आणि तिथंच सगळा उलगडा आहे. तुम्ही म्हणता, जुन्या कंपनीचा मेल काढला आणि नंबर गेले. पण तसल्या मेलमध्ये फोनचे नंबर राहतच नाहीत. फोनमध्ये बाहेरचा मेल घालतात तो आयमॅप नावाच्या पद्धतीनं, आणि आयमॅप फक्त टपाल वाहतं. नंबर, कॅलेंडर, फोटो यांच्याशी त्याचा संबंध नाही. मग ४०० नंबर कुठं होते? माझा अंदाज असा की तुमच्याकडं दोन नाहीत, तीन मेल आहेत. तिसरा तुमच्या नावाचा जीमेल आहे आणि तो तुम्हाला माहीतच नाही.

फोन घेतला त्या दिवशी काय झालं ते आठवा. अँड्रॉइड फोनला गूगलचं खातं घातल्याशिवाय प्ले स्टोअर उघडत नाही, आणि प्ले स्टोअर उघडलं नाही तर व्हॉट्सअॅप येत नाही. तुम्ही काउंटरवर बसलेले, मागं आणखी चार गिऱ्हाइकं. दुकानातल्या पोरानं 'गुरुजी, तुमचं नाव सांगा' म्हणून विचारलं, नावापुढं १२३ लावून दोन मिनिटांत जीमेल काढला, पासवर्ड त्याच्या मनानं ठेवला, व्हॉट्सअॅप सुरू करून फोन तुमच्या हातात दिला. तुम्ही पैसे दिले आणि घरी गेलात. त्या दिवसापासून तुम्ही सेव्ह केलेला प्रत्येक नंबर त्या खात्यात जाऊन बसत होता. हे मी खात्रीनं सांगतो, कारण कितीतरी वर्षं मीही हेच केलंय. निम्म्या तालुक्याचे पासवर्ड माझ्या एका वहीत होते. आता ती वही जाळली आणि गिऱ्हाइकाला स्वतः टाइप करायला लावतो. वेळ जातो, लोक चिडतात, पण पुढचं रडगाणं वाचतं.

तर दिवाळीनंतर तुम्ही 'जुना' म्हणून जो काढलात तो बहुतेक हा तिसरा. काढताना फोननं विचारलं असणार की या खात्याचे मेसेज, नंबर आणि बाकी माहिती फोनवरून जाईल, चालेल का? आपण सगळेच अशा पाट्या न वाचता 'ओके' करतो. मी सुद्धा.

यात घाबरण्यासारखं कमी आहे. आमच्या लातूरच्या आडत बाजारात व्यापाऱ्यापुढं सोयाबीनची वानगी ठेवतात मूठभर, माल मागं पोत्यांत असतो. वानगी सांडली म्हणून पोती जात नाहीत. फोनात दिसणारे नंबर ही वानगी. पोती गूगलकडं आहेत. सिंक, म्हणजे फोनातलं आपोआप गूगलकडं नेणं-आणणं, चालू असेल, आणि नव्या फोनात ते आपोआप चालूच असतं, तर तुमचे ४०० नंबर आजही तिथं जसेच्या तसे आहेत. फक्त कोणत्या गोदामात, ते शोधायचंय.

शोधायचं कसं? पहिलं, फोनचा खोका; त्यात काय बघायचं ते शेवटी सांगतो. दुसरं, व्हॉट्सअॅप: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथं गूगलचं खातं दिसतं; बॅकअप कधी चालू केलेला असेल तर त्या तिसऱ्या मेलचं नाव तिथं सापडेल. नाहीच सापडलं तर गूगलच्या लॉगिन पानावर 'ईमेल विसरलात?' असं असतं, तिथं मोबाइल नंबर आणि नाव टाकलं की त्या नंबराला जोडलेली खाती दाखवतं. नाव टाकताना दुकानदारानं जसं टाकलं असेल तसं टाकून बघा. कधी आडनाव आधी असतं, कधी नुसतंच 'सर'.

नाव मिळालं, पासवर्ड माहीत नाही, तर रिकव्हरी, म्हणजे ओळख पटवून खातं परत मिळवणं. इथं एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. गूगल तुम्हाला ओळखताना उत्तरांबरोबर फोन कोणता आहे, इंटरनेट कुठलं आहे, गाव कुठलं आहे, हेही बघतं. ज्या फोनवर ते खातं एवढी वर्षं चाललं त्याच फोनवरून, घरच्याच इंटरनेटवर बसून प्रयत्न केला तर खातं परत मिळायची आशा जास्त. मुलानं पुण्याहून त्याच्या लॅपटॉपवर प्रयत्न केला तर गूगलला वाटतं कुणी परका आलाय. म्हणूनच सुरुवातीला म्हणालो, फोन कोरा करू नका; ओळखीचा साक्षीदार आपल्याच हातानं घालवायचा नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर नक्की आठवत नसेल तर सोडून देण्यापेक्षा अंदाजानं द्या. पण सारखं-सारखं ठोकत बसू नका, काही काळ दार बंद होतं. एकदा नाही जमलं तर एक-दोन दिवस थांबा.

रिकव्हरीला दुकानदाराचाच मोबाइल नंबर दिलेला असेल तर त्याला गाठा, ओटीपी त्याच्याकडं जाईल. तो भला असेल तर दोन मिनिटांचं काम. आणि तुमचा स्वतःचाच पण मधे बंद केलेला नंबर दिलेला असेल तर अवघड आहे. आपल्याकडं बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. मग तुमचा ओटीपी कुण्या अनोळखी माणसाकडं जातो.

आणखी एक. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकतं. डिसेंबर २०२३ पासून ती सफाई सुरू झाली. तुमचं खातं परवापर्यंत फोनात चालू होतं म्हणून आज धोका नाही. पण काढलंत त्या दिवसापासून मोजणी सुरू झाली, तेव्हा 'बघू उन्हाळ्यात' असं करू नका.

खातं उघडलं की ते फोनात परत घाला. सेटिंग्ज, अकाउंट्स, अॅड अकाउंट, गूगल. पाच-दहा मिनिटांत ४०० नंबर परत दिसतील. मग घाईनं लगेच काढू नका त्याला! संगणकावर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा, सगळे निवडा, एक्स्पोर्ट करताना व्हीकार्ड निवडा, सगळ्या नंबरांची एक फाइल मिळेल. नवीन जीमेलनं आत जाऊन तीच फाइल इम्पोर्ट करा. दोन-दोन वेळा आलेली नावं 'मर्ज' करायची सोय तिथंच आहे. शेवटी फोनमधल्या कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये नवीन नंबर कुठं साठवायचे ते विचारलेलं असतं, तिथं नवीन जीमेल निवडा. हे शेवटचं बहुतेक सगळे विसरतात, आणि सहा महिन्यांनी तोच तमाशा परत होतो. सिमवर साठवू नका. सिममध्ये नाव आणि नंबर यापलीकडं फारसं मावत नाही आणि जागाही साधारण अडीचशे नावांची.

खातं मिळालंच नाही, तर? घरात जुना फोन पडला असेल तर चार्ज करून बघा, त्यात ते खातं अजून चालू असू शकतं. नसेल तर व्हॉट्सअॅपवरच्या गप्पांमध्ये नंबर शिल्लक असतात, नावं गेली तरी. चिकाटीचं काम आहे, पण तुम्ही चाळीस-चाळीस पोरांची हजेरी रोज घेतलेली माणसं.

आता खऱ्या जुन्या मेलकडं, त्या कंपनीच्या. फोनात पासवर्ड चुकीचा दाखवतो म्हणता. तोच पासवर्ड फोनच्या ब्राउझरमध्ये, त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. तिथं उघडला तर पासवर्ड बरोबर आहे, आणि फोन खोटं बोलतोय. म्हणजे पूर्ण खोटंही नाही. गेल्या काही वर्षांत मेल कंपन्यांनी नुसता पासवर्ड घेऊन दुसऱ्या अॅपला आत सोडणं बंद करत आणलंय. गूगलनं ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांसाठी ते थांबवलं, मायक्रोसॉफ्टनं आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. आता अॅपनं त्या कंपनीचंच लॉगिन पान उघडून द्यायचं, किंवा 'अॅप पासवर्ड' वापरायचा, म्हणजे त्या अॅपपुरता कंपनीनं काढून दिलेला वेगळा पासवर्ड. गूगलचा अॅप पासवर्ड १६ अक्षरांचा असतो, आणि तो मिळवायला आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी लागते. अडचण अशी की जुन्या मेल अॅपला हे काही सांगता येत नाही. त्याच्याकडं एकच वाक्य आहे: पासवर्ड चुकीचा. लोक बिचारे दहा वेळा पासवर्ड बदलतात, शेवटी खरोखरच विसरतात.

काही कंपन्या फुकटच्या खात्याला आयमॅप देतच नाहीत, पैसे भरले तरच देतात. तुमच्या कंपनीचं काय आहे ते मेलच्या सेटिंग्जमध्ये दिसेल. मिळत असेल तर फोनमधल्या जीमेल अॅपमध्येच तो घालता येतो: अॅड अकाउंट, मग 'अदर', मग आयमॅप. पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल. पाठवण्याच्या सर्व्हरला, म्हणजे कंपनीच्या टपाल सांभाळणाऱ्या संगणकाला, ४६५ किंवा ५८७.

तिथं पॉप-३ असाही पर्याय दिसेल. तो निवडू नका, हात जोडून सांगतो. आडत बाजारातले एक व्यापारी माझ्याकडं आले होते, फोनात मेलच दिसत नाहीत म्हणून. सर्व्हरवर बघितलं तर खरंच काही नाही. त्यांच्या मुनीमाच्या संगणकावर पॉप लावलेलं होतं. पॉपची जुनी रीत अशी की टपाल उचलायचं आणि सर्व्हरवरचं पुसून टाकायचं. प्रती ठेवायची खूण असते, पण ती कुणी केलेली नव्हती. म्हणजे रोज सकाळी मुनीम संगणक चालू करायचा आणि गोदाम रिकामं व्हायचं. सगळी बिलं त्या एका हार्ड डिस्कवर. मी म्हणालो, आजच्या आज दुसरीकडं प्रत काढा. ते म्हणाले, हंगाम संपू द्या. हंगामातच एका रात्री लाइट जा-ये करत राहिली आणि डिस्क बसली. आयमॅपमध्ये माल गोदामातच राहतो. फोन, संगणक, मुलाचा लॅपटॉप, सगळे तोच बघतात.

जुने मेल नव्यात आणायचेत का, हे आधी ठरवा. खरं सांगू? त्यातलं नव्वद टक्के टाकाऊ असतं. पेन्शनची पत्रं, बँकेचं फॉर्म १६, विम्याच्या पावत्या, नातवाचे फोटो, एवढंच शोधून नव्यावर फॉरवर्ड केलं तरी पुरतं. सगळंच हवं असेल तर आयमॅप पाहिजे आणि संगणक पाहिजे. थंडरबर्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात दोन्ही खाती लावायची आणि एका फोल्डरातून दुसऱ्यात ओढायचे. पण पाच-पाचशे करून. जीमेल आयमॅपवरून दिवसाला ५०० एमबीच चढवू देतं, त्याच्यापुढं गेलं की खातं काही वेळ अडवतं. पूर्वी जीमेल स्वतःच दुसऱ्या कंपनीचे मेल पॉपनं ओढून आणायचं, ती सोय जानेवारी २०२६ पासून बंद करत असल्याचं गूगलनं जाहीर केलंय. म्हणून कुणी जुना व्हिडिओ पाठवला तर त्यावर विसंबू नका.

पुढं येणाऱ्या टपालासाठी जुन्या खात्यात फॉरवर्डिंगची सोय असेल तर ती लावून टाका. ती फक्त नव्यानं येणाऱ्यांना लागू होते, साठलेले त्यातनं येत नाहीत.

नव्या जीमेलवर मेल उशिरा का येतात? मुलाचं 'सिंक ऑन करा' चुकीचं नाही, पण सिंक ऑन असूनही फोन त्याला झोपवतो. विवो, ओप्पो, शाओमी, रिअलमी या फोनांत बॅटरी वाचवायचा सोस फार. अॅप थोडा वेळ उघडलं नाही की मागचं काम बंद करतात. सेटिंग्जमध्ये अॅप्स, जीमेल, बॅटरी इथं जाऊन बंधन काढा आणि ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा. डेटा सेव्हर बंद आहे ना ते बघा. फोनची तारीख-वेळ चुकलेली असेल तरी सर्व्हरशी जोडणी होत नाही, हे तर कुणाच्या डोक्यातही येत नाही. आणि जीमेल अॅप मुळात शेवटच्या ३० दिवसांचेच मेल फोनात आणून ठेवतं. नेट नसताना त्याच्या मागचे दिसले नाहीत म्हणून गेले असं समजू नका, नेट आल्यावर शोधलं की येतात. तो आकडा सेटिंग्जमध्ये वाढवता येतो.

मुलाकडं आयफोन आहे असं लिहिलंय तुम्ही. त्याला सांगा, आयफोनच्या स्वतःच्या मेल अॅपमध्ये जीमेल लगेच येत नाही, ठरलेल्या वेळानं आणला जातो, लवकरात लवकर पंधरा मिनिटांनी. लगेच पाहिजे असेल तर जीमेलचं अॅप टाकायचं.

जागेचंही बघून घ्या. गूगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात मेल, ड्राइव्ह आणि १ जून २०२१ नंतर चढवलेले फोटो सगळं एकत्र. आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यातच मोजतात. 'शुभ सकाळ'च्या फुलांनी १५ जीबी भरलेले फोन मी रोज बघतो. जागा भरली की मेल येणंच थांबतं, आणि पाठवणाऱ्याला परत जातं. तुमचा व्हॉट्सअॅप बॅकअप आत्ता त्या तिसऱ्या खात्यावर असेल. तो नव्यावर वळवा आणि लगेच एकदा बॅकअप घ्या. जुना बॅकअप आपोआप तिकडून इकडं येत नाही.

या सगळ्यापेक्षा कंटाळवाणं काम म्हणजे जिथं-जिथं जुना मेल दिलाय तिथं बदलणं. बँक, प्राप्तिकर, डिजिलॉकर, विमा, गॅस. एका कागदावर यादी करा आणि रोज एक. प्राप्तिकराचं आधी करा, तिथलं महत्त्वाचं टपाल मेलवर येतं. हे संपेपर्यंत जुना मेल जिवंत ठेवा, महिन्यातून एकदा उघडत जा. काही कंपन्या वर्षभर न उघडलेली खाती बंद करतात.

याच निमित्तानं घरातल्या पोरांचंही तपासा. नातीचा नीटचा फॉर्म भरायचाय म्हणून लिहिलंय ना? लातुरात नीटच्या निकालानंतर माझ्याकडं रडत येणारी पोरं असतात. फॉर्म भरला नेट कॅफेत, मेल दिला कॅफेवाल्याचा, मोबाइल दिला मामाचा. आता समुपदेशनाची वेळ आली आणि पासवर्ड बदलायचा तर ओटीपी कॅफेवाल्याकडं, आणि तो गावाला गेलेला. फॉर्मला मेल पोरीचाच, तिनंच उघडलेला, पासवर्ड तिलाच पाठ.

फोन कोरा का करायचा नाही, त्याचं दुसरं कारण राहिलं. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून चोरांसाठी एक कुलूप आहे. बटणं दाबून बाहेरून रीसेट केला तर फोन आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. दुकानाच्या भाषेत 'जीमेल लॉक'. तुमच्या फोनात आता मुलानं काढलेलं खातं आहे. त्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर तो आज रात्रीच मुलाला विचारून घरातल्या डायरीत लिहा. लोक म्हणतात पासवर्ड लिहू नये. आपल्या कपाटातल्या डायरीत लिहिलेला मला चालतो, दुकानदाराच्या वहीत चालत नाही. उद्या फोन विकला किंवा नातवाला दिला तर सेटिंग्जमधून खातं काढायचं, मगच आतूनच रीसेट करायचा.

तेव्हा आधी माळ्यावर चढून खोका शोधा. सापडला तर बाहेरून कोराच दिसेल, म्हणून टाकून देऊ नका. झाकण उघडून आतल्या बाजूला बघा. आम्ही दुकानदार मेल आणि पासवर्ड तिथंच लिहितो, निळ्या पेनानं, घाईघाईत, आणि एखादं अक्षर हमखास मोठं काढलेलं असतं.